न दिसलेल्या सोबत्याचें चित्र

रात्रीचीं जेवणें उरकलीं, कीं घरांतील लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसतात आणि वन्यजीवनावरील एखादा अनुबोधपट सुरू होतो. मध्यमवर्गीय घरांत हा प्रसंग आतां इतका नित्याचा झाला आहे, कीं त्याविषयीं चार शब्द लिहावे असें कोणासहि वाटत नाहीं. नाटकाचें परीक्षण होतें, कादंबरीची चिरफाड होते, कवितेच्या एकेका ओळीवरून महिनोन् महिने वाद माजतात. परंतु या चित्रपटांना मात्र ‘ज्ञानाचा विषय’ या सबबीवर टीकेच्या नाक्यावरून बिनजकात सोडून देण्यांत येतें. डोळ्यांना जें दिसतें तें खोटें कसें असेल, अशी यामागील भाबडी समजूत आहे. आमचें म्हणणें असें, कीं या चित्रपटांत जें दिसतें तें बहुधा खरेंच असतें; खोटें असतें तें, जें दिसलें नाहीं त्याविषयींचें बोलणें. ज्या प्राण्याची कथा सांगावयाची त्याचा सोबती कॅमेऱ्याला अभावानेंच सांपडला असेल, तर त्या सोबत्याच्या वाट्याला हें खोटेपण सर्वांत अधिक येतें. दिसणाऱ्याचें चित्र निसर्ग काढतो. न दिसणाऱ्याचें चित्र निवेदन लिहिणारा आपल्या मेजापाशीं बसून काढतो.

हा विषय आम्ही बुलढाण्यास बसून लिहितों, यालाहि कारण आहे. आमच्या जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्य म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगांतील, बुलढाणा आणि खामगांव यांच्या दरम्यान पसरलेलें, सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें लहानसें रान. अस्वलें, बिबटे, नीलगाई, रानडुकरें आणि मोर यांची ही वस्ती. वाघ म्हणजे आजोबांच्या गोष्टींतला प्राणी. २०१९ च्या डिसेंबरांत या रानांत एक तरुण नर वाघ येऊन ठेपला. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत टी-१ या क्रमांकाच्या वाघिणीच्या पोटीं तो जन्मला, म्हणून सरकारी दप्तरांत त्याची नोंद टी-१-सी-१ अशी. २०१९ च्या फेब्रुवारींत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्याच्या गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधला. जून महिन्यांत त्यानें जन्माचें रान सोडलें. आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगण असा फेरा घेत, नद्या-नाले, हमरस्ते आणि उभ्या पिकांचीं शेतें ओलांडीत, बहुतेक रात्रीच्याच वेळीं चालत तो आमच्या दारीं आला. २०२० च्या उन्हाळ्यांत पट्टा निघाला तोंपर्यंत त्याच्या पांच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली होती आणि चाल भरली होती तीन हजार किलोमीटरांहून अधिक. भारतांत एका वाघाचा एवढा प्रवास तोंवर कधीं नोंदला गेला नव्हता. लोकांनीं त्याला ‘वॉकर’ म्हटलें. ‘वाटसरू’ हा आपला जुना शब्द कोणाला आठवला नाहीं, याचा आम्हांस थोडा विषाद वाटतो. पण तो वेगळा विषय.

या वाटसरूची कथा वर्तमानपत्रांनीं आणि चलच्चित्रफितींनीं ज्या सांगाड्यावर उभारली तो एका वाक्यांत मावतो: ‘सहचरीच्या शोधांत वाघ तीन हजार किलोमीटर चालला.’ वाचकांनीं या वाक्याकडे जरा निरखून पाहावें. या कथेंतील नायक दिसतो. त्याची वाट नकाशावर रेखलेली आहे. त्याच्या मुक्कामाचा तास न् तास नोंदलेला आहे. नायिका मात्र कोठेंच नाहीं. ज्ञानगंगेंत वाघीण नव्हती. तिचा पंजा उमटला नव्हता, तिचें एकहि छायाचित्र निघालें नव्हतें. असें असूनहि सगळें कथानक तिच्याभोंवतीं फिरतें. जें पात्र अस्तित्वांतच नाहीं त्याच्यावर सर्व कथेचा भार टाकण्याचें हें धाडस आमच्या नाटककारांनाहि होत नसे.

बरें, तें वाक्य निदान तर्काला तरी धरून आहे काय? तरुण नर वाघ आईचें रान सोडतो त्याला कारणें अनेक असतात. जन्मरानांत बलवान नराचा अंमल असतो. तेथें राहणें म्हणजे रोज मरणाशीं गांठ. त्याला स्वतःचा मुलूख हवा असतो, पोटापुरती शिकार हवी असते, निर्धास्त पाणी हवें असतें आणि वाघीणहि हवी असते. या चार कारणांपैकीं तीन पुसून एकच ठेवलें, कीं प्रवासाची प्रेमकथा होते. पण मग एक अडचण उभी राहते. केवळ सहचरीसाठींच हा जीव चालत होता, तर जेथें वाघीण नाहीं अशा रानांत तो थांबला कां? वनाधिकाऱ्यांचें उत्तर साधें होतें: येथें त्याला भक्ष्य पुरेसें होतें आणि मुलुखासाठीं भांडणारा दुसरा वाघ नव्हता. म्हणजे जी गोष्ट त्याला हवी होती म्हणून आम्हांस सांगण्यांत आलें, ती नसतांना तो राहिला. आणि ज्या गोष्टींचा कथेंत उल्लेख नव्हता, त्या मिळाल्या म्हणून राहिला. एवढें ढळढळीत प्रत्यंतर समोर असूनहि कथेचें वाक्य बदललें नाहीं. गोड वाक्याचा गुण हाच आहे. पुराव्याची त्याला बाधा होत नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. जेथें नायिका वाघीण असते तेथें न दिसणारा सोबती म्हणजे नर; आणि त्याची जी वासलात लागते ती पाहण्यासारखी आहे. २००८ सालीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें मध्यप्रदेशांतील पेंच येथील वाघांवर तीन भागांचा चित्रपट दाखविला. हत्तींच्या सोंडेंत आणि सुळ्यांवर कॅमेरे देऊन केलेलें तें चित्रण खरोखरच अपूर्व होतें, आणि डेव्हिड ॲटनबरो यांच्या वाणीची मोहिनी तर सांगावयासच नको. पण त्यांतील संसार कोणाचा? आईचा आणि तिच्या चार बच्च्यांचा. २०२४ सालीं डिस्ने कंपनीनें ‘टायगर’ नांवाचा चित्रपट काढला. निवेदन प्रियंका चोप्रा यांचें. नायिका ‘अंबर’ नांवाची वाघीण, आणि कथा तिच्या मातृत्वाची. रणथंबोरच्या ‘मछली’ वाघिणीवर तर एकाहून अधिक चित्रपट निघाले. २०१६ च्या ऑगस्टांत ती मेली तेव्हां जगभर वार्ता गेली. पेंचची ‘कॉलरवाली’ २०२२ च्या जानेवारींत गेली तेव्हां लोकांनीं हार घालून तिला निरोप दिला, आणि तिनें आठ वेतांत एकोणतीस बच्चे दिले, ही गोष्ट घरोघर पोंचली. या माउल्यांच्या मोठेपणाबद्दल आमचा वाद नाहीं. आमचा प्रश्न इतकाच, कीं या एकोणतीस बच्च्यांना बाप होता कीं नव्हता?

होता, पण तो कथेच्या सोयीचा नव्हता. वाघीण बच्च्यांसह ठराविक पाणवठ्यावर येते, तिच्या येण्याजाण्याला वेळ असते, म्हणून ती चित्रांत येते. नराचा मुलूख मोठा. त्यांत दोन, तीन, कधीं अधिक वाघिणींचीं रानें सामावलेलीं. तो आज येथें तर चार दिवसांनीं पलीकडच्या खोऱ्यांत. कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाला तो दहा दिवसांतून एकदां दिसला तर दिसला. ही झाली कॅमेऱ्याची मर्यादा. तिला मर्यादा म्हणावयाचें सोडून निवेदनकार तिचेंच त्या जनावराचें चारित्र्य बनवितो. ‘नर येतो, समागम करतो आणि निघून जातो; पुढचा सर्व भार आईवर.’ मग केव्हांतरी तोच नर झुडपांतून बाहेर येतो, वाद्यें एकदम खालच्या सुरांत घोंघावूं लागतात, बच्चे दडतात, आणि आमच्या घरांतील आठ वर्षांची मुलगी अंगावर पांघरूण ओढून विचारते, ‘आजोबा, बाबा-वाघ आपल्याच पिलांना मारतो का हो?’

या प्रश्नाला खरें उत्तर चित्रपटांत मिळावयास हवें होतें; तें असें आहे. मुलूख जिंकून नव्यानें आलेला नर आधीच्या नराचीं पिलें पुष्कळदां मारतो, हें खरें. परंतु त्याच कारणास्तव, ज्या नराचीं तीं पिलें त्याचें त्या मुलुखांत टिकून राहणें हेंच त्या पिलांचें पहिलें संरक्षण असतें. तो झाडांवर आपली खूण फवारीत फिरतो, सीमेवर गर्जतो, प्रसंगीं झुंजतो आणि रक्तबंबाळ होतो. पाणवठ्यावर पिलें निर्धास्त खेळतात तीं या अदृश्य गस्तीच्या जोरावर. चित्रपटांत पिलांचें खेळणें दिसतें, गस्त दिसत नाहीं. आणि जी दिसली नाहीं ती नव्हतीच असें ठरतें. जॉर्ज शॅलर यांनीं साठाव्या दशकांत कान्हाच्या रानांत बसून वाघांचा अभ्यास केला आणि १९६७ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. नर वाघ वाघिणीसह आणि पिलांसह एकाच भक्ष्यावर येतो हें त्यांनीं तेव्हांच नमूद करून ठेविलें आहे. २०११ सालीं रणथंबोरला याहून मोठी गोष्ट घडली. टी-५ ही वाघीण दोन लहान माद्या मागें ठेवून मेली. सर्वांनीं त्या पोरक्या जिवांची आशा सोडली. पुढें रानांत लाविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं दाखविलें, कीं टी-२५ हा नर त्यांच्याबरोबर वावरत आहे आणि त्यांना सांभाळीत आहे. त्या दोघी जगल्या, वाढल्या, आणि २०१३ सालीं सारिस्काच्या रानांत नेण्यांत आल्या. या नराला लोकांनीं ठेवलेलें नांव काय होतें? ‘जालिम’! न पाहिलेल्या सोबत्याविषयीं आपण किती घाईनें निकाल देतों याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

म्हणजे हिशेब असा होतो: नायिका वाघीण असेल तर न दिसणारा नर हा खलपुरुष किंवा उनाड बाप, नायक वाघ असेल तर न दिसणारी मादी ही प्रवासाच्या शेवटीं मिळावयाचें बक्षीस. या दोन्ही भूमिका रानांतून आलेल्या नाहींत. त्या आमच्या दिवाणखान्यांतून तिकडे गेल्या आहेत. सोशिक आई, बेजबाबदार बाप, भटक्या शूर नायक आणि वाट पाहणारी वधू ही मंडळी आम्हांस जन्मभर परिचयाचीं आहेत. त्यांनाच पट्ट्यापट्ट्यांचें कातडें पांघरून आमच्या पुढ्यांत उभें केलें जातें आणि वर सांगितलें जातें, कीं हा निसर्ग! निसर्गाचें नांव घेऊन आपल्याच घरांतील जुने समज आपल्याला परत विकण्याचा हा व्यापार आहे. एखाद्या बापानें संसारांतून अंग काढून घेतलें, तर ‘वाघहि असाच वागतो’ असें म्हणावयास तो मोकळा. आणि मुलीनें बक्षीस होऊन राहावें, तर त्यालाहि रानाची साक्ष तयार!

येथें कोणी म्हणेल, कीं चित्रपट म्हणजे करमणूक. तिच्यावर एवढे ओझें कां लादतां? आमचें उत्तर असें, कीं गोष्ट पडद्यापुरती राहत असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ती राहत नाहीं. ज्ञानगंगेच्या वाटसरूची ‘एकाकी’ कथा सर्वत्र झाली आणि २०२० सालीं अधिकाऱ्यांमध्यें गंभीरपणें चर्चा सुरू झाली, कीं त्याच्यासाठीं दुसऱ्या रानांतून एक वाघीण आणून येथें सोडावी काय. वाघ हा स्वभावानेंच एकटा राहणारा प्राणी. त्याच्या एकटेपणाला एकाकीपणा म्हणणें म्हणजे माशाला ‘बिचारा ओला’ म्हणण्यासारखें आहे. पण शब्द बदलला, कीं त्यामागून करुणा येते. करुणेमागून मागणी येते. आणि मागणीमागून पिंजरा येतो. न पाहिलेल्या वधूसाठीं खरीखुरी वाघीण बेशुद्ध करून गाडींत घालण्याची ही तयारी. तिला विचारणारा कोणी नाहीं, हें तर झालेंच. पण ज्या गांवांच्या शिवारांतून ती फिरणार त्यांनाहि या लग्नाची पत्रिका नव्हती.

या प्रश्नाचा शास्त्रीय भाग भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्याच वेळीं मांडला होता. हें रान मोठें नाहीं. भोंवतीं शेतें आहेत आणि विरळ झालेलें जंगल आहे. येथें जोडी जमून पिलें झालीं तर तीं मोठीं होऊन जाणार कोठें? म्हणजे एका वाटसरूची सोय लावतांना आपण चार नवे वाटसरू रस्त्यावर आणणार. प्रश्न सोबतीचा नव्हता, वाटेचा होता. टिपेश्वर, पैनगंगा, ज्ञानगंगा आणि मेळघाट या रानांमधली जी शेंकडों किलोमीटरांची झिजलेली वाट, तींतून जाणारा प्राणी जिवंत पोंचेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न. परंतु वाटेची कथा रुक्ष. वधूची कथा सरस. म्हणून लोकांच्या तोंडीं वधू राहिली आणि वाट कोणाच्या ध्यानांतहि आली नाहीं.

अशा लग्नाचा एक प्रयोग देशानें करून पाहिला आहे. २०१८ च्या जूनमध्यें कान्हाचा एक नर आणि बांधवगडची एक वाघीण अशीं दोघें ओरिसांतील सातकोसियाच्या रानांत नेण्यांत आलीं. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत वाघ नेऊन वसविण्याचा हा पहिलाच उपक्रम. नरास नांव दिलें ‘महावीर’, वाघिणीस ‘सुंदरी’. नांवें ऐकतांच वाचकांच्या लक्षांत येईल, कीं नाटक आधीं लिहून तयार होतें. पात्रें तेवढीं आणावयाचीं होतीं. निकाल काय झाला? नोव्हेंबर उजाडला तों महावीर मेलेला सांपडला. सुंदरीच्या हल्ल्यांत माणसें दगावल्याचा आरोप आला, गांवकरी खवळले, तिला पकडून कोंडण्यांत आलें, आणि २०२१ सालीं ती मध्यप्रदेशांत परत गेली. रानांतील सुंदरी कोण, तिला काय हवें, तिची माणसांविषयींची भीति किती, हें पाहण्याआधींच तिला भूमिका देण्यांत आली होती. त्या भूमिकेचा दंड तिनें कोंडवाड्यांत भोगला, आणि त्या गांवांनीं आपल्या अंगणांत.

प्रतिपक्षाच्या हातीं एक बळकट पुरावा आहे, तो लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. मध्यप्रदेशांतील पन्नाच्या रानांतले सर्व वाघ २००९ पर्यंत नाहींसे झाले होते. तेथें आधीं दोन वाघिणी आणल्या, आणि नोव्हेंबरांत पेंचचा टी-३ हा नर आणला. तो थोड्याच दिवसांत पेंचच्या दिशेनें चालूं लागला. महिनाभर हत्ती आणि माणसें त्याच्या मागें होतीं. डिसेंबरच्या अखेरीस त्याला परत आणलें. या खेपेस रानांत वाघिणीच्या मूत्राचा वास शिंपडून ठेविला. तो थांबला, २०१० च्या एप्रिलांत पिलें झालीं, आणि पन्नाचें रान पुन्हां वाघांचें झालें. मग सोबतीनें वाघ थांबतो हें सिद्ध झालेंच कीं नाहीं? झालें. परंतु कशाच्या जोरावर झालें तें पाहा. पन्नाचें राष्ट्रीय उद्यान पांचशें चौरस किलोमीटरांहून मोठें, पूर्वीपासून वाघांचें, भक्ष्यानें भरलेलें. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्या अधिकाऱ्यांनीं न दिसणाऱ्या सोबतिणीची कथा रचली नाहीं. वाघ ज्या भाषेंत सोबतीण ओळखतो ती वासाची भाषा त्यांनीं वापरली. तेथें माणसानें वाघापाशीं विचारणा केली. ज्ञानगंगेच्या कथेंत माणसानें वाघाच्या वतीनें परस्पर उत्तर दिलें. पन्नाचा दाखला आमच्या विरुद्ध नाहीं. तो आमचाच साक्षीदार आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘कथा नसेल तर कोणी पाहणार नाहीं, पाहिलें नाहीं तर प्रेम वाटणार नाहीं, आणि प्रेमावांचून रानें वांचणार नाहींत.’ हा आक्षेप घेणारे लोक प्रामाणिक असतात, म्हणून त्याला सरळ उत्तर देतों. प्रेम हवें, हें मान्य. पण ज्याला आपण ओळखत नाहीं त्याच्यावरचें प्रेम हें त्याच्यावरचें नसतें. तें आपल्या कल्पनेवरचें असतें, आणि कल्पनेला तडा गेला कीं तें उलटतें. याची साक्ष आमच्या विदर्भानेंच दिली आहे. २०१८ च्या नोव्हेंबरांत पांढरकवड्याच्या रानांत ‘अवनी’ या वाघिणीस गोळी घालण्यांत आली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि पाठीशीं दोन बच्चे होते. शहरांतील एका पक्षानें तिला निरागस माता ठरविलें. दुसऱ्या पक्षास ती निव्वळ हत्यारीण वाटली. त्याच रानांत टी-२ नांवाचा नर वावरत होता. त्याचें नांव या रणधुमाळींत कितीजणांच्या कानीं आलें? माता आणि राक्षसी या दोनच भूमिका आमच्यापाशीं तयार होत्या; नराला बसेल अशी तिसरी भूमिका आम्हांपाशीं नव्हती, म्हणून तो असून नसल्यासारखा झाला. एका रानांत एकाच वेळीं कोण कोण होतें, कोणी काय केलें, हा साधा प्रश्न विचारावयासहि प्रेमाला आणि द्वेषाला सवड मिळाली नाहीं.

तर मग न दिसणाऱ्या सोबत्याचें चित्रण करूं नये काय? अवश्य करावें, पण तें पुराव्यानें करावें, आणि पुरावा संपला तेथें थांबावें. पावलाचा ठसा, विष्ठेंतील केस, झाडावरचे ओरखडे, रात्रीं आपोआप निघालेलें छायाचित्र, पट्ट्यानें दिलेली जागा, हीं सगळीं न दिसणाऱ्याचींच बोलणीं आहेत. तीं ऐकविणारा चित्रपट रुक्ष होईल असें मानण्याचें कारण नाहीं. कॉलिन स्टॅफर्ड-जॉन्सन या चित्रकारानें रणथंबोरचा ‘ब्रोकन टेल’ नांवाचा नर बच्चा लहानपणापासून चित्रित केला होता; तो मछलीचाच मुलगा. पुढें तो रान सोडून निघून गेला आणि दूर दर्‍याजवळ आगगाडीखालीं मेला. त्याचा मधला प्रवास कोणत्याहि कॅमेऱ्यानें पाहिला नव्हता. या माणसानें काय करावें? त्यानें प्रवास रचला नाहीं. तो घोड्यावर बसला, त्या वाटेनें निघाला, आणि वाटेंतील गुराख्यांना, शेतकऱ्यांना व वनरक्षकांना विचारीत गेला. जें दिसलें नव्हतें त्याबद्दल ज्यांनीं पाहिलें त्यांच्या तोंडून ऐकणें, एवढी साधी ही युक्ति. आणि चित्रपट डोळ्यांत पाणी आणणारा झाला.

हा दाखला आम्ही मुद्दाम शेवटास ठेविला, कारण त्यानें आम्हांस मूळ मुद्द्यापाशीं आणून सोडलें आहे. आमच्या वाटसरूला तीन हजार किलोमीटरांच्या वाटेवर सोबतीच नव्हता, ही समजूतच चुकीची आहे. वाघीण नव्हती, खरें. पण ज्याच्या बांधावरून तो रात्रीं गेला तो शेतकरी होता. ज्याचें वासरूं त्यानें उचललें तो गुराखी होता. पहांटे पाणी द्यावयास निघालेल्या आणि ओल्या मातींत तो भला मोठा पंजा पाहून मुकाट्यानें मागें फिरलेल्या बाया-माणसें होत्या. बॅटरीच्या उजेडांत त्याचा माग काढीत हिंडणारे वनरक्षक होते. एवढ्या दाट वस्तीच्या मुलुखांतून तो गेला आणि या संबंध प्रवासांत हिंगोली जिल्ह्यांत एक माणूस काय तो जखमी झाला. तोहि तो जेथें विसांवला होता त्या झुडपांत माणसें शिरलीं म्हणून. त्याला कोणी विष घातलें नाहीं, विजेची तार लावून मारलें नाहीं. हा जितका त्या वाघाचा संयम, तितकाच त्या गांवांचाहि. हाच त्याचा खरा न दिसलेला सोबती. आणि चित्रपटांत त्याचें चित्र कोणतें? काठ्या घेऊन ओरडणारा जमाव; नाहीं तर पडद्याच्या कडेला क्षणभर दिसणारें एक मळकें पागोटें. ‘मानव-वन्यप्राणी संघर्ष’ असा एक जाडा शब्द उच्चारला, कीं त्याचा विषय संपतो. संघर्ष झाला नाहीं त्या शेंकडों रात्रींना कोणत्याहि भाषेंत नांव नाहीं, आणि त्या रात्रींवर कोणी चित्रपट काढीत नाहीं.

टिपेश्वरच्या रानांतून अशीं पावलें नंतरहि बाहेर पडलीं आहेत. २०२१ सालीं त्या रानाचा एक वाघ गौताळ्याच्या अभयारण्यांत दिसला. २०२४ च्या डिसेंबरांत दुसरा एक धाराशिव जिल्ह्यांत येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत जाऊन पोंचला. या प्रत्येकाच्या मागें ‘सहचरीचा शोध’ हें शीर्षक लावण्यास लेखण्या तयारच असतात. असे वाटसरू पुढेंहि येतील. त्यांच्यावर चित्रपटहि निघतील, आणि ते आमच्या दिवाणखान्यांत लागतील. त्या वेळीं वाचकांनीं एवढेंच करावें: पडद्यावर जें दिसतें त्याचा आनंद मनमुराद घ्यावा, पण निवेदन जेव्हां न दिसणाऱ्याविषयीं बोलूं लागेल तेव्हां, घरांतला एखादा चौकस मुलगा विचारतो तसें, मोठ्यानें विचारावें, ‘हें तुम्हांस कोणीं सांगितलें?’ आमच्या नातीच्या प्रश्नाला त्या रात्रीं आम्ही ‘जालिम’ची गोष्ट सांगितली. ती पांघरुणांतून बाहेर आली आणि म्हणाली, ‘मग त्याचें नांव बदला ना!’ आमचीहि मागणी तिच्याहून मोठी नाहीं.